ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून

थोर कलावंत स्वप्निलजी तायडे यांना,

तुले दादा म्हनून हाक माराले आज माही जीभ वळत नाई. मोबाइलवर तुही मुलाखत पायली. "माझं संगीताचं शिक्षण पुण्यात, शास्त्रीय गायकीच्या गुरूंकडे झालं," म्हने! वा रे पठ्ठ्या! ज्या गुरूकडे तू तीन महिने टिकला नाई, त्याचं नाव घेतलं. अन् ज्या बाबानं अकोल्याच्या जुन्या शहरात चाळीस वर्षं वरातीत कॉर्नेट वाजवला, त्याचं नावच गिळलं.

पन मंग तू कॉर्नेट वाजवून दाखवला, तिथंच फसला. भातकुली गावच्या वरातीत धक्का लागून बाबाचे समोरचे दोन दात पडले, तवापासून थे कॉर्नेट ओठाच्या डाव्या कोपऱ्यात धरतात. आपन दोघंही त्याइले पाहून शिकलो, म्हनून तसाच धरतो. तुहे तं बत्तीस दात शाबूत हायेत, लेका! पुन्याच्या कोन्त्या गुरूनं शिकवलं थे वाकडं धरनं? आपले बँडवाले पोट धरून हासून रायले.

बाबानंही पायलं. मी मोबाइल बंद करू लागलो, तं माहा हात धरला. पुरं ऐकलं. म्हने, "दम चांगला लांबला पोराचा." मंग म्हने, "त्याले लिहून कळव, कॉर्नेट मधोमध धरत जाय. नाईतर लोक वळखतीन."

म्हनून लिहाले बसलो. पन हे पत्र मी धाडनार नाई. धर तसाच, वाकडा.

तुह्यासारखाच डाव्या कोपऱ्यातून फुकनारा,
तुहा लहाना भाऊ चंदन