जिनिंगच्या गोदामातलं गाणं

दीपनगर,
जानेवारी १९९५

प्रिय मंजू,

तुझी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली आहे, तेवढ्यात लिहायला बसलो. ड्युटीवरून आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे. काल बॉयलरवरही लक्ष लागेना. शेवटी जब्बारभाई म्हणाले, "रतिलाल, तू घरी जा बाबा, तुझं चित्त इथं नाही."

आधी एक सांगतो. गेल्या शनिवारी जुन्या जिनिंगच्या गोदामात तुमचा कार्यक्रम झाला ना, तिथं मी होतो. घरी सांगितलं की जळगावला युनियनची मीटिंग आहे, आणि एसटीनं थेट धुळं गाठलं. दिवाळीनंतर सावद्याचे तोतारामशेठ आले, त्यांनी आपल्या मुलासाठी, जीवरामसाठी, तुला पसंत केलं, आणि उठता उठता म्हणाले, "पोरीचं ते गाणंबिणं लग्नाआधीच बंद करा, आमच्या घरात चालायचं नाही." मी काही बोलायच्या आत तुझ्या आईनं हो म्हटलंसुद्धा. तू आत चहाचे कप विसळत होतीस. आईनं विचारल्यावर "बरं" म्हणालीस आणि कप विसळतच राहिलीस. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. हा कार्यक्रम शेवटचा, असं तू आईला कळवलंस. शेवटचा असेल तर एकदा ऐकून तरी यावं, म्हणून निघालो.

मागच्या बाकावर, खांबाआड बसलो होतो. वर पत्रे, सगळीकडे सरकीचा जुना वास, पुढे सतरंजीवर तुमच्या कॉलेजची पोरं दाटीवाटीनं बसलेली. तुमचा गिटारवाला बराच वेळ तारा जुळवत राहिला, तेव्हा वाटलं, हे काही आपल्याला झेपायचं नाही. मग नासीरनं गळ्यात अडकवलेल्या ढोलावर टिपरी मारली आणि बाक खालून थरथरला. तू आईच्या माहेरच्या अहिराणीत स्वतः रचलेलं गाणं उचललंस: "बठ्ठं गाव जपनं व माय, मीच जागी शे." सगळं गाव झोपलंय आणि एकटी पोरगी जागी आहे. तुझी आई चुलीपाशी बोलते तीच भाषा, पण गिटारीच्या त्या खणखणाटात ती कुणाला भीत नव्हती. घरी तू इतकं हळू बोलतेस की दोनदा विचारावं लागतं. मध्येच माईक बंद पडला. मला वाटलं, आता थांबशील. तू तशीच पुढे आलीस, नासीरनं ढोल हलका केला, आणि तुझा आवाज वरच्या पत्र्यांना जाऊन भिडला. मंजू, मला बसवेना. उठून भिंतीला टेकून उभा राहिलो.

तिथं उभा असतानाच समोर जीवराम दिसला. तोही चोरूनच आला होता. टाळ्या वाजवता वाजवता कुणी ओळखीचं तर नाही ना, म्हणून मागे बघत होता, आणि त्याची माझी नजरानजर झाली. संपल्यावर दोघं बाहेर चहाच्या गाडीवर गेलो. मी विचारलं, "कसं वाटलं, जीवरामराव?" म्हणाला, "नाना, अंगावर काटा आला." खोटं बोलत नव्हता, डोळे ओले होते त्याचे. मग विचारलं, "घरी सांगाल ना, की हे बंद करू नका?" त्यानं चहा तसाच ठेवला. "आबांसमोर मी कसा बोलणार, नाना? एवढं सोडून काहीही सांगा." पोरगा वाईट नाही. म्हणूनच जास्त जीव घाबरा झाला. तुझं गाणं कळूनही जो एक शब्द बोलणार नाही, त्याच्या घरात तू आयुष्यभर काय करशील? तुला भेटायला आत वळलो होतो, पण तसाच स्टँडवर निघून आलो.

काल सकाळी सावद्याला जाऊन आलो. तोतारामशेठ केळीचे ट्रक भरून घेत होते. मी म्हटलं, "पोरगी देतो, पण गाणं बंद होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मग दुसरं घर बघा, रतिलालभाऊ." जीवराम तिथंच घड मोजत होता, त्यानं मान वर केली नाही. परत आल्यापासून तुझी आई माझं ताट वाढते आणि आत निघून जाते.

सावद्याहून कुणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितो आहे. मी सोयरीक मोडली, तीही तुला न विचारता. जीवराम तुझ्या मनात असेल, तर रागावून का होईना, पण तसं साफ लिही. मी पुन्हा सावद्याला जाईन, शेठच्या ओट्यावर दिवसभर बसेन, हात जोडेन. ती एक अट मात्र मी मान्य करणार नाही. तू केलीस तरी नाही.

तुझाच,
नाना