नवा कंट्रोलर, नाव जुनंच

३ मार्च, सकाळी ९.४०
डोमेन कंट्रोलर गेला. म्हणजे ऑफिसातल्या एकशे बारा जणांची नावं आणि पासवर्ड ज्याच्या पोटात, तो सर्व्हर. त्याच्याशिवाय मेल सर्व्हर कुणालाच ओळखत नाही, म्हणून तोही आडवा. साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत मेल सुरू झाली नाही तर पर्मनंट व्हायचं विसरा. सात महिने प्रोबेशनवर आहे. मनातल्या मनात हसलो. एका दिवसाचं काम!

३ मार्च, दुपारी
रिसेप्शनच्या मॅडम म्हणाल्या, काकांना विचारा की. काका म्हणजे माझ्या आधी सर्व्हर बघायचे ते, आता रिटायर. त्यांच्या काळात माणसं फायली काखोटीला मारून फिरायची. निश्चय: कुणापुढे हात पसरायचे नाहीत.

४ मार्च
जालीम उपाय. नवा कंट्रोलर उभा केला, नाव जुन्याचंच दिलं. मेल सर्व्हरला काय डोंबल कळतंय? एकशे बारा नावं हाताने टाइप केली. बायकोला सांगितलं, पर्मनंट झाल्यातच जमा. तिने लगेच माहेरी कळवलं.

५ मार्च, सकाळी ११
मेल सर्व्हर ओळखच दाखवत नाही. नाव तेच, माणसं तीच, तरी हा तो नव्हेच म्हणे. नावावर भागत नाही, सर्व्हरचा आतला नंबर तपासतो, आणि नव्याचा तो वेगळा. इतका संशयी स्वभाव बरा नव्हे. नऊ वेळा रीस्टार्ट केलं.

५ मार्च, संध्याकाळी
बायको म्हणाली, चेहरा का उतरलाय? मी म्हटलं, विचार करतोय. सासऱ्यांचा अभिनंदनाचा फोन येऊन गेला.

६ मार्च, सकाळी १०
काका हजर. मी बोलावलं नव्हतं, मॅडमचा आगाऊपणा. बॅकअप कुठाय, म्हणाले. तो मी रुजू झालो त्याच दिवशी बंद केला होता, मशीन फार स्लो व्हायचं. काकांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग स्टोअरच्या कपाटातून त्यांनी स्वतः घेतलेली शेवटची कॉपी काढली. मी येण्याच्या आदल्या दिवशीची.

६ मार्च, दुपारी १
मेल सुरू! टाळ्या काकांना. निम्म्या माझ्या धरायला हरकत नाही. एकेकाची मेल उघडली, माझीच उघडेना. त्या कॉपीत मी नाहीच. काकांनी साहेबांना विचारलं, याचं अकाउंट नव्याने बनवू का?
साहेब म्हणाले, राहू द्या.