फियाट तात्पुरती बंद आहे

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. सकाळी.
परवा विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाचा ट्रॅक्टर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर अडकला. एका बाजूस माझी फियाट, दुसऱ्या बाजूस समोरच्या आकारामची रिक्षा. कारण अर्थातच रिक्षा. तालमीच्या पोरांनी ती हातांनी उचलून बाजूला ठेवली. फियाट कोणीही उचलली नाही, यावरून तिचे स्थान सर्वमान्य आहे असे दिसते.
महापालिकेने रस्त्यावरील बेवारस वाहने हटवण्याची मोहीम काढली आहे. वाहनांचे मी तीन वर्ग केले: बेवारस, बंद आणि ऐतिहासिक. रिक्षा पहिल्या वर्गात येते. फियाट तिसऱ्या. दुसरा वर्ग तूर्त रिकामा. (फियाट बंद नाही. तात्पुरती बंद आहे. बॅटरीचा प्रश्न. पत्नी संयोगिता म्हणते, तुमचं तात्पुरतं अनुजाच्या इंजिनिअरिंगपेक्षा लांबलं. मुलीच्या शिक्षणाची आणि वाहनाची तुलना योग्य नव्हे.)
तक्रार लिहिली आणि टपालात टाकली. खाली 'एक जागरूक नागरिक'. सहकारी बँकेत अंतर्गत तपासनीस असल्याने मसुदा निर्दोष झाला. 'सदरहू रिक्षाच्या मालकाचा ठावठिकाणा नाही' हे वाक्य काहीसे टोकाचे वाटले, पण ते खोटे नाही. जानेवारीत जिन्यावरून पडून पायात रॉड बसल्यापासून आकाराम रिक्षात दिसलेला नाही. घरात दिसतो, तो विषय वेगळा.
पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून शेवटी जोडले: 'गल्लीतील सर्व वाहनांवर कोणताही भेदभाव न करता कारवाई व्हावी.' हे वाक्य विशेष साधले.

गुरुवार, ११ सप्टेंबर.
पथक आले. कोणताही भेदभाव न करता दोन्ही वाहनांवर स्टिकर लावून गेले. मुदत सात दिवस.
पथकाचे अधिकारी प्रसेनजीत कांबळे, वयाने तरुण, बोलण्यात अदब. त्यांना तिन्ही वर्ग समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, गाडी एकदा सुरू करून दाखवा. किल्ली आणली. दाराचे हँडल हातात आले. बॉनेट उघडले, तर आत आकारामच्या आईची, धोंडुबाईंची, कोंबडी खुडूक बसलेली. धोंडुबाई ओट्यावरून माझ्यावर ओरडल्या, हात लावू नगंस, इजयसिंगा, अंडी हाईत खाली! कांबळे म्हणाले, म्हणजे गाडी अगदीच बेवारस नाही. गल्ली हसली. मीही हसलो, न हसणे वाईट दिसले असते.

शनिवार, १३ सप्टेंबर.
केंद्राचा नियम वाचला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जतन केलेले वाहन 'व्हिंटेज'. मूळ स्वरूपाबाबत चिंता नाही. गाडीला मी हातही लावलेला नाही.
आरसी पाहिली. नोंदणी डिसेंबर १९७६.
नोकरीभर मी एक पैसाही कोणाला पूर्णांकात धरू दिला नाही. तथापि ऐतिहासिक बाबतीत पूर्णांक धरण्याची प्रथा आहे. सनावळ्या पाहाव्यात.

रविवार, १४ सप्टेंबर.
उद्यमनगरातून मेकॅनिक आण्णा आले. मी म्हणालो, फक्त बॅटरीचा प्रश्न आहे. आण्णा बराच वेळ आत डोकावले आणि म्हणाले, साहेब, बॅटरीचा काय बी प्रश्न न्हाय, बॅटरीच न्हाय. संयोगिताने शांतपणे सांगितले, की ती चार वर्षांपूर्वीच भंगारात गेली. त्यात थोडे घालून इडलीपात्र आणले. या इडल्या मी दर रविवारी खात आलो आहे. आजही खाल्ल्या होत्या.
आण्णा जाताना म्हणाले, उद्यमनगरात कशाचा बी पार्ट मिळतो, पण हितं पार्टाला गाडी पायजे.
संकल्प: अशा माणसांचे बोलणे मनावर न घेणे.

सोमवार, १५ सप्टेंबर. संध्याकाळी.
आकाराम कुबडी टेकत घरी आला. त्याला चहा दिला. म्हणाला, कुणी तर बांडगुळानं तक्रार केल्या, आडिटरसाहेब. रिक्षाचा मालक न्हाय म्हणं! मी काय मेलो व्हय? मी म्हणालो, लोक काहीही लिहितात.
मग त्याने जे सांगितले ते लिहून ठेवतो. पाय बरा होत आला आहे. डॉक्टरांनी नवरात्रापासून गाडी चालवायला परवानगी दिली आहे. आण्णाला बोलावून इंजिनही तयार करून घेतले आहे. अंबाबाईला येणाऱ्या भाविकांच्या फेऱ्या, त्या नऊ दिवसांच्या जोरावर तो वर्षाची घडी बसवतो. ह्या खेपंला सीझन गेला तर घरात बसून नखं खायाची, म्हणाला.
तेव्हा महापालिकेला अर्ज लिहून द्या, असे त्याने मला विनवले. पेठेत तुमच्यागत लिवणारा दुसरा हाय कोण?
हो म्हणालो. तक्रार मागे घेण्यापेक्षा अर्ज प्रभावी लिहिणे, हा उपाय अधिक सन्मानाचा आहे. दोन्ही एकाच हातचे असल्याने युक्तिवाद नेमका खोडता येईल.
 

मंगळवार, १६ सप्टेंबर.
दुपारी फियाटच्या संदर्भात कांबळे यांना भेटलो. पन्नास वर्षे पूर्णांकात धरण्याचा मुद्दा मांडला. ते म्हणाले, सर, गाडी सव्वा वर्षाने लहान आहे. पुढच्या वर्षी डिसेंबरनंतर या. मग कपाट उघडता उघडता म्हणाले, तुमच्या गल्लीतून आलेली तक्रार मात्र फार सुंदर लिहिलेली आहे, आम्ही नमुना म्हणून ठेवली आहे. क्षणभर बरे वाटले. मग वाटले नाही.
तिथेच, त्याच टेबलापुढे, सांगता आले असते. मागे दोन माणसे रांगेत होती.
रात्री अर्जाचा मसुदा पहिला. 'अर्जदार हा सदरहू रिक्षाचा मालक असून' या वाक्यात 'हा' अनावश्यक. पुन्हा लिहावे लागेल.

बुधवार, १७ सप्टेंबर.
मसुदा दुसरा. विनंतीत ठामपणा हवा, पण उर्मटपणा नको. आकारामने खिडकीतून हाक मारून विचारले, दिला काय अर्ज? मी म्हणालो, झालाच आहे. तो आईला म्हणाला, मिटलं बघ आये, आडिटरनं दिला. मी 'दिला' असे म्हटले नव्हते. त्याने गृहीत धरले. दुरुस्ती करण्यापूर्वी त्याने खिडकी लावून घेतली.
मुदत उद्यापर्यंत आहे. मुदतीच्या आत याचा अर्थ मुदतीच्या दिवशीही.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
आजरा शाखेची तपासणी अचानक लागली. अर्ज बॅगेत. परत येताना एसटी उशिरा, महापालिका बंद. एसटीत मसुदा पुन्हा वाचला. उत्तम आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर.
सकाळी बँकेत असताना संयोगिताचा फोन आला. क्रेनची गाडी गल्लीत शिरत होती.
पुढचे तिने सांगितले तसे. आकारामने कुबडी वर करून तालमीतली पोरे गोळा केली. म्हणाला, आधी आडिटरची गाडी हलवा, बिचारा कामावर हाय. चाके रुतली होती. पोरांनी 'हाय की न्हाय दम' म्हणत ती उपटली आणि तालमीच्या पटांगणात ढकलली. तिथे जागा एकाच गाडीची. पोरे म्हणाली, आकाराममामा, तुमची रिक्षा आत घालू, फियाट ऱ्हाऊ दे. तो म्हणाला, नगं. माझा अर्ज आडिटरनं दिलाय. मला काय भ्या हाय?
क्रेनने रिक्षा नेली. आकाराम मागून ओरडत राहिला, अर्ज हाय वो, अर्ज हाय!
अर्ज माझ्या टेबलावर होता. स्वच्छ प्रत काढायची राहिली होती.
संयोगिताला अर्जाचे सांगितले. तक्रारीचेही. ती पोळ्या लाटत राहिली. ती भांडते तेव्हा मला बोलता येते.

रविवार, २१ सप्टेंबर.
शनिवार, रविवार कार्यालय बंद. अर्ज 'मुदतीनंतर' अशा स्वरूपात नव्याने लिहिला. उशिराचे कारण: 'अपरिहार्य कारणास्तव'. हे कारण सर्वत्र चालते.
संकल्प: उद्या अर्ज देणे आणि आकारामला सर्व सांगणे. या क्रमाने.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.
अर्ज दिला. पोच घेतली.
आकारामला सांगायचे राहिले. घरात घट बसवण्याची गडबड होती. अशा प्रसंगी अशुभ बोलू नये.
धोंडुबाई मात्र राजगिऱ्याचे लाडू बांधून महापालिकेच्या यार्डात गेल्या आणि जाऊन रिक्षात बसल्या. रखवालदार म्हणाला, आजी, उतरा. त्या म्हणाल्या, मालक न्हाय म्हनत्यात न्हवं? ही बग मालकाची आई. मी हितंच बसलोय. उचल मला बी आन् कर लिलाव.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.
रिक्षा सुटली. कांबळे यांच्याकडूनच कळले. वाहनात मालकाची आई रोज उपास करून बसत असल्याने त्यास बेवारस म्हणता येईना, परमिटही चालू. आज त्यांनी वरिष्ठांना यार्डात नेले. धोंडुबाईंनी त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला. माझा अर्ज आवक विभागात आहे, अजून त्यांच्या टेबलावर आलेला नाही.
रिक्षा गल्लीत आली तेव्हा हूड फाटलेले होते. आकारामने उसने पैसे काढून ते शिवायला घातले आहे. नवरात्राचे दिवस त्यातच जाणार.
आकाराम गल्लीभर सांगत फिरतो आहे: बघा कागदाची ताकद. आडिटरनं लिवलं आन् गाडी दारात! धोंडुबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, लई लिवतोस बाबा. त्यांना काय म्हणायचे होते, हे स्पष्ट झाले नाही. विचारले नाही.
फियाट तालमीत सुस्थितीत आहे. मल्ल तिच्यावर लंगोट वाळत घालतात. एका अर्थी जतनच.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी आकारामने रिक्षाला झेंडूचे तोरण बांधले, नारळ वाढवला. एका हँडलात इंजिन सुरू झाले. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग तो माझ्या दारात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, पहिली भवानी आडिटरसाहेबांची. ह्यांच्यामुळं गाडी हाय. चला, अंबाबाईला सोडतो.
मी म्हणालो, मला काम आहे. तो म्हणाला, दसऱ्याला काय काम? पोरांनी माझ्या गळ्यात हार घातला. संयोगिता दारात उभी होती. ती आत गेली.
रस्त्यात तो सारखा मागे वळून बोलत होता. सीझन तर गेला, साहेब. दिवाळीत बघू. पण गाडी हाय न्हवं? त्या तक्रारवाल्याला देव बघून घीलच. मी ठरवले, बिंदू चौकात सांगायचे. बिंदू चौकात गर्दी होती. मग ठरवले, महाद्वारापाशी. सिग्नलला रिक्षा थांबली, त्याने वळून माझ्याकडे पाहिले, म्हणाला, काय तर म्हनत हुता?
मी म्हणालो, मीटर टाकलेले दिसत नाही.
तो खो खो हसला. म्हणाला, तुमच्याकडनं पैसं घेऊन कुठं फेडू, वो?
दर्शनाची रांग लांब होती. उभा राहिलो. रांगेत हार काढून हातात धरला. कोणाला द्यावा ते कळेना.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर.
आकारामने सकाळीच हाक मारली, की बँकेत रोज फुकट सोडणार, जन्मभर. नाही म्हणून सांगितले. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे म्हणालो.
उद्यापासून मागच्या बोळाने पायी जाणार. लांब पडते. प्रकृतीस उत्तम.