कँटीनच्या टीव्हीवर म्हशीचा भाव

४ नोव्हेंबर, मंगळवार
बाजाराचा दिवस, म्हणजे कामाचा बोऱ्या. आवारातल्या खांबांवर वाय-फायचे डबे चढवायचे होते, तर प्रत्येक खांबाला कुणाची ना कुणाची म्हैस बांधलेली. सोडा म्हटलं तर मालक म्हणतो, डबा उद्या चढव, माझं गिऱ्हाईक आज हाय.
दादा लांबून बघत होते. बाप दलाल, लेक बाजार समितीची कॉम्प्युटरवाली. आवारात आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही. बरं असतं.

७ नोव्हेंबर
डबे चढले एकदाचे. जुनी वायर गेटपासून ऑफिसातल्या जोडणीच्या पेटीत, तिथून कँटीनच्या टीव्हीला. कुठल्या गावचं जनावर आलं ते तिथं दिसतं. डब्यांची वायरही त्याच पेटीत खोचली. हवेतलं मात्र कडेकोट. दलालांच्या हातातल्या भाव टाकायच्या मशीनला वेगवेगळे पासवर्ड, मधे कुणी ऐकलं तरी कळायचं नाही. चोरी होणार नाही ना, हे सचिवसाहेबांनी विचारून विचारून डोकं खाल्लं.
जेवताना दादा हसले. म्हणे रुमालाखाली बोटांनी ठरलेला भाव तरी कुठं कुणाला कळतोय. विकणाऱ्याची बोटं वेगळी दाबायची, घेणाऱ्याची वेगळी, मधला फरक दलालाचा. सगळ्या बाजाराची रीत. माझं शिक्षण त्यावरच झालंय, मी काय बोलणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार
घात झाला.
नामदेवकाकांची म्हैस दादांनी विकून दिली. काका म्हणजे दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. गिऱ्हाईक देवळालीचं, बँकेचं कर्ज काढून आलेलं, त्याला खऱ्या भावाची पावती हवी. दादांनी मशीनवर खरा भाव टाकला. तो खांबावरून वायरीत, वायरीतून टीव्हीवर. काका पैसे खिशात घालून कँटीनात चहा पीत होते. समोर त्यांचं नाव, गाव, म्हैस आणि भाव. त्यांना मिळाला त्याहून बराच जास्त.
काकांनी टीव्हीवरचा भाव वाचला. चहा संपवला, गेले.
हवेला कुलूप लावलं आणि घरातलं दार उघडं ठेवलं. चूक माझी, शंभर टक्के.

१२ नोव्हेंबर
पेटी बदलली. मशीनची वाट वेगळी, ऑफिसच्या हिशेबाची वेगळी, टीव्ही दोन्हींपासून तोडला. हे आधी करायचं होतं. दादांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि पायांत चपला घालून बाहेर गेले.

१४ नोव्हेंबर
काका स्टँडवर भेटले. मी माफी मागायला लागले तर त्यांनी मलाच शेजारी बसवून घेतलं.
"तुझा बाप मधे मारतो, हे मला पयल्यापासून ठावं हाय. अडीनडीला धावून बी तोच येतो. पन कँटीनात समद्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पोरी. आता परत त्याच्याकडं गेलो तर लोक मला येडा म्हनतील."
मला वाटत होतं काकांचे पैसे गेले. पैशांचं त्यांना काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं. बस आली, काका गेले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काका बाजारात नाहीत. दादांनी दोनदा गेटपर्यंत चक्कर मारली.
संध्याकाळी सभापतींनी बोलावलं. भाव टीव्हीवर दिसला ते शेतकऱ्यांना आवडलंय, कायमचं करायचं म्हणतात. हिशेबाला धक्का न लावता जमेल का? जमतं. म्हणून जमेल म्हटलं.
घरी दादा एवढंच म्हणाले, "न्हाई जमत म्हनायचं हुतं."
खोटं बोलायचं होतं, असं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

२२ नोव्हेंबर
टीव्हीला स्वतंत्र वाट दिली. भाव दिसतो, हिशेबाला धक्का नाही. काम चोख झालंय. घरात चौथ्या दिवशीही मुकी जेवणं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
काका आले. दुसरी म्हैस घेऊन.
गेटवर नोंद मीच घेते. मालक, गाव, जनावर टाकलं. मग विचारावंच लागलं, काका, दलाल म्हणून कुणाचं नाव टाकू? ते आत बघत राहिले. मागं टेम्पोवाल्यांची बोंबाबोंब.
"ऱ्हाऊ दे तेवढं. मंग सांगतो."
आत्ता दुपार. गर्दी ओसरलीय म्हणून लिहितेय. म्हैस चिंचेखाली, काका तिच्या पाठीवर हात ठेवून. दादा रांगेच्या दुसऱ्या टोकाला, खांद्यावर रुमाल. अधूनमधून दोघंही टीव्हीकडे बघतात. अजून कुणी जागचं हललेलं नाही.