काडी करणारं औषध

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मुदखेडला गाडी चुकली म्हणून फलाटावर बसून तुम्हाला लिहून राहिलोय. मधल्या काळात हिमायतनगर, नायगाव, कुठंकुठं राहिलो, टिकलो कुठंच नाही. ते जाऊ द्या.

लातूरचा तो क्लास. पत्र्याखाली पोरं दाटीनं बसलेली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, मला सोडून. तुम्ही घरचा चिमटा घेऊन फळ्यापुढं उभे. एड्सचा विषाणू पेशीला धरतो, चिमटा मिटतो, दोघं एकमेकांजवळ ओढले जातात आणि विषाणू आत शिरतो. मग तुम्ही चिमट्यात एक काडी अडकवता. परदेशात निघालेलं नवं औषध हे असं, प्रथिनाचा एवढुसा तुकडा, पेप्टाइड. तो मधे बसला की चिमटा मिटत नाही. मी मागून म्हणालो, "म्हणजे सर, हे औषध काड्या करतंय." वर्ग हसला. तुम्हीही हसलात. "हाव, तुझ्यासारखं." तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव काडीचं औषध.

तो धडा तुम्ही इतका जीव तोडून का शिकवत होता, ते आम्हाला कुठं माहीत. भूकंपात तुम्हाला भिंतीखालून काढलं, रक्त चढवलं, त्यातनंच हा विषाणू अंगात आला, असं तुम्ही फार उशिरा सांगितलंत. तोवर कुणाच्या तरी वडिलांना कळलं होतं. पालक येऊन पोरांची नावं काढून नेऊ लागले आणि क्लासवाल्यांनी तुम्हाला घरी बसवलं.

नांदेडला तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी विचारलं, आत शिरलेल्याला आता काडी काय करणार? तुम्ही म्हणालात, "शिरलं ते शिरलं. पण रोज नव्या पेशीत घुसतंय की, तिथं तर अडवता येतं." मग हळूच, "इथं मिळतं का, बघतो का जरा?"

मी लगेच निघालो. प्रत्येक मेडिकलवाला नाव विचारायचा आणि मला खरं नाव येतच नव्हतं. काडीचं औषध म्हणालो की ते दात कोरायच्या काड्या पुढं करायचे. परत येऊन न्हाई म्हणालो. तुम्ही म्हणालात, "बरं. बस." त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून खिशातच राहील. एक सांगतो, सर. अजूनही नव्या गावात मेडिकल दिसलं की मी आत जातो. काय पाहिजे विचारलं की डोकेदुखीची गोळी मागतो, आणि ती घेऊन बाहेर येतो.