अकरा वेळा मेलेले भावोजी

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद अनेक, तक्रार एकच. ती खाली येईलच.

तुझ्या भावोजींच्या छातीत गेल्या आठवड्यात पुन्हा दुखलं. डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे, आणि तोवर महिनाभर बिछान्यात पडून राहायचं. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत वरखाली हिंडलेला माणूस तो. पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडून घरातल्या तिन्ही घड्याळांची वेळ जुळवून घेतली, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालून घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळून तुझं पुस्तक मागितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. एका दमात संपवलं आणि लगेच दुसरं मागितलं.

आता तक्रार. तुझ्या पुस्तकांतला कॅप्टन शेवटी ज्या खलनायकाला मारतो, तो कधी शस्त्रांचा व्यापारी असतो, कधी हेर. पण दर वेळी तो खुर्चीवर बसण्याआधी रुमाल का अंथरतो? आणि नियम म्हणजे नियम, असं दर दोन पानांनी का म्हणतो? मी सगळं ओळखून गप्प बसले, कारण पुस्तकं खपत होती आणि हे वाचत नव्हते. आता ते पाचव्यावर आहेत. काय करू ते लवकर कळव.

माया आहेच, पण कान धरायची इच्छाही आहे.
तुझी ताई

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी खरा आहे. स्टुलावर चढून दिवा बदलताना चक्कर आली, पाठ धरली, म्हणून जमिनीवर पालथा पडूनच लिहितो आहे.

वाचकांना वाटतं मी पूर्वी सैन्यात होतो. मागच्या प्रदर्शनात एका धिप्पाड वाचकाने मला हलकेच बाजूला सारून लेखक कुठे बसलेत असं विचारलं. मीच तो, हे कळल्यावर बिचारा इतका हिरमुसला की मीच त्याला चहा पाजला. प्रकाशकांनी तेव्हापासून पुस्तकामागे माझा फोटो छापणं बंद केलं.

तुला आठवत असेल, मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली कारकुनी सोडली, त्या संध्याकाळी तुमच्याकडे सगळे जेवायला होते. भावोजी म्हणाले, लेखकाच्या घरी चूल पेटते ती हस्तलिखितं जाळून. सगळे हसले. तूही हसलीस. मी घरी येऊन रुमाल अंथरणारा एक तस्कर लिहिला आणि विसाव्या प्रकरणात त्याला उंच पुलावरून ढकललं. कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. पुस्तक हातोहात खपलं आणि प्रकाशक म्हणाले, अगदी असाच खलनायक पुन्हा हवा. मग ती सवयच झाली. स्फोट, मगर, हिमकडा. अकरा झाले.

बाकीचं जाऊ दे, पण सातवं पुस्तक लपव. त्यात मी त्यांना लिफ्टमध्ये मारलं आहे.

कृपा असू दे, निदान तुझी तरी.
तुझा धाकटा

१५ जानेवारी

श्री. मेहुण्यांस,
स. न. वि. वि. यातला स सप्रेमचा की सखेदचा, ते तुमच्या उत्तरानंतर ठरवू.

सातवं पुस्तक पिठाच्या डब्यात सापडलं. पान दोनशे चाळीस. कॅप्टन दातात चाकू धरून लिफ्टचा दोर कापतो आणि केबिन चौदा मजले खाली कोसळते. लिफ्टला एक दोर नसतो. पाच-सहा असतात, पोलादी, आणि त्यातला एकेक एकटा भार पेलतो. सगळे तुटले तरी केबिनचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना आवळून धरतात. माझ्या देखरेखीखालची एकही लिफ्ट आजवर पडलेली नाही. आत अडकलेला शहाणा माणूस छत फोडायला जात नाही. घंटा वाजवतो, खाली बसतो आणि मेकॅनिकची वाट बघतो. तेव्हा सदर गृहस्थ मेलेला नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.

गृहस्थ कोण, ते दुसऱ्या पुस्तकातच कळलं. रुमालाचं म्हणाल तर पँट आपली असते, खुर्ची लोकांची. मगरीच्या तोंडी दिलंत त्याचंही एवढं नाही. पण मरताना हा माणूस दर वेळी गयावया करतो. ते मात्र लागलं.

शस्त्रक्रियेला मी नकार दिला आहे. तुमच्या ताईला सांगितलं की त्या रुग्णालयाच्या यंत्रांवर माझा भरवसा नाही. खरं कारण, भीती वाटते. अकरा वेळा स्वतःला मरताना वाचलं आणि दर वेळी वाटलं, बाराव्यांदा खरंच. हे तिला कळता कामा नये. नियम म्हणजे नियम.

लोभाचं बघू.
भावोजी

२१ जानेवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि. पत्र तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

गयावया तुमची नव्हती. ती माझी होती. त्या संध्याकाळी ताटावर बसून मी मनातल्या मनात विनवत होतो की आता तरी थांबा. ती पुढे अकरा पुस्तकांत तुमच्या तोंडी घातली. क्षमा मागतो.

बाराव्या पुस्तकातही खलनायक लिफ्टमध्येच अडकला आहे आणि कॅप्टन वर दोराला लोंबकळतो आहे. पुढे खरं काय होईल ते मला ठाऊक नाही, कारण मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. प्रकाशकांच्या सातव्या मजल्यावरही जिन्यानेच जातो. तुम्ही आकृती काढून कळवलंत तर तो माणूस जगेल, हा माझा शब्द.

आणखी एक, लहान तोंडी मोठा घास. अडकलेल्याने मेकॅनिकची वाट बघावी, असं तुम्हीच लिहिता. तुमचा मेकॅनिक पांढरा कोट घालून कधीचा दारात उभा आहे. तुम्हीच आतून दार धरून ठेवलंय. ताईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.

रागावलात तरी उत्तर पाठवा.
तुमचा मेहुणा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि या वेळी तक्रार नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तू पाठदुखी घेऊन रुग्णालयाचे नऊ मजले जिन्याने चढून आलास आणि पाच तास माझ्याशेजारी बसलास, त्याबद्दल लिहायला घेतलं की अक्षर बिघडतं. म्हणून तुला माहीत नसलेलं तेवढं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दुपारी ह्यांनी मला भीतीचं सांगितलं. मी म्हटलं, ठाऊक आहे, झोपेत हात घट्ट धरता. मग थोडं रडून झालं, दोघांचंही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी होकार कळवला आणि हे तू मागितलेल्या आकृत्या काढायला बसले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तुझे वाचक निघाले. बाराव्यात काय होतं असं त्यांनी विचारलं, तर हे म्हणाले, काम नीट केलंत तर शुद्धीवर आल्यावर सांगेन.

तू घरी गेलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना नीट शुद्ध आली, तर डॉक्टर खरंच खाटेच्या पायाशी हजर. ह्यांनी खोल गेलेल्या आवाजात अख्खं प्रकरण सांगितलं. दोन नर्सही थांबल्या होत्या. खलनायक घंटा वाजवून बसून राहतो आणि वर कॅप्टनचे हात भरून येतात, हे डॉक्टरांना पटलं नाही. हे म्हणाले, लिफ्टचा नियम आहे, तुमच्या पटण्याचा प्रश्न नाही.

पाठीला शेक दे.
तुझी ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज बसून लिहितो आहे.

प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं आणि खलनायक मेलाच पाहिजे असं बजावलं. वाचकांना अकरा वेळा जे दिलं ते बाराव्यांदा नाही दिलं तर माझा बाजार उठेल, म्हणे. सतरा वर्षांत मी त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. आज म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं. मग दुसरा प्रकाशक शोधा, असं ते म्हणाले. मी बाड उचलून निघालो आणि चार मजले उतरलोही. त्यांचा शिपाई धावत आला, साहेब वर बोलावतात म्हणून. पुन्हा चार मजले चढलो. छापणार आहेत. खपलं नाही तर मात्र जुन्या कचेरीत जागा आहे का ते विचारावं लागेल.

भावोजींना यातलं निम्मंच सांग. काळजी करतील.
तुझा धाकटा

३० जुलै

चि. धाकट्यास,
सप्रेम आशीर्वाद. स चा अर्थ एव्हाना कळला असेल.

बाराव्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाल्याचं ताईने सांगितलं. तू पाठवलेली वाचकांची पत्रं वाचली. कॅप्टनची कोणी चौकशी करत नाही, त्या गृहस्थाची तब्येत सगळे विचारतात. एका बाईंनी त्याला जिने चढू नका असं कळवलं आहे. मी रोज दोन मैल चालतो, त्यांना लिहावं.

एक गोष्ट राहिली होती. एकोणिसाव्या वर्षी मीही लिफ्टचं काम सोडून जहाजावर जायला निघालो होतो. बोचकं बांधून झालं होतं. मोठा भाऊ भर पंगतीत काहीतरी लागेल असं बोलला, सगळे हसले आणि मी बोचकं सोडलं. त्या संध्याकाळी मीही तुला भर पंगतीत बोललो. तू उठून गेलास आणि पुस्तक लिहिलंस. तुझा राग यायचा तो तू ऐकलं नाहीस म्हणून. सतरा वर्षं पुस्तकं उघडली नाहीत ती त्याच रागाने. चूक माझी.

आता त्या माणसाला समुद्रावर पाठव. मला जहाजातलं ओ की ठो कळत नाही, पण ग्रंथालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली आहेत आणि इंजिनाच्या भागापर्यंत आलो आहे. तू तुझ्या सवडीने लिही. माझ्याकडे आता वेळ भरपूर आहे, असं डॉक्टर म्हणतात.

ताई बाजूला बसून हसते आहे.
तुझे भावोजी