मिस बाई पार्लमेंटात, मी पडवीत

४ ऑगस्ट १९५९, मुरुम

नेमकं आजच! ग्रामपंचायतीतल्या बायकांच्या दोन जागांपैकी एक मला मिळाली. पंचायतीची पहिली मीटिंग आज मठात — आणि मी बाजूला बसलेली, मागच्या पडवीत, पोत्यावर. लिंगायतांचा मठ म्हणजे देवाची जागा. विटाळात पायरी कशी चढणार? सरपंच महालिंगप्पांना ह्यांनी, मीच म्हटलं म्हणून, माझ्या अंगात कणकण असल्याचं सांगितलं. मास्तर असून खोटं बोलले बिचारे.

८ ऑगस्ट

न्हाऊन घरात आले. ट्रंकेतून मिस बार्लोबाईंचा फोटो काढला. सोलापूरच्या शाळेत त्यांनीच मला चारचौघांत बोलायला शिकवलं. विलायतेला परतल्या आणि पार्लमेंटला उभ्या राहिल्या. दोनदा पडल्या. आता पुन्हा उभ्या राहतायत! भर पावसात दारोदार हिंडतात म्हणे. फार आठवण येते त्यांची. एकदा समोर बसून सगळं सांगावंसं वाटतं.

३ सप्टेंबर

पुन्हा तेच. मीटिंग दर अमावास्येला — त्या दिवशी औत धरत नाहीत, पंच मोकळे असतात. माझ्या अंगानंही अमावास्याच धरलीय! मुलींच्या शाळेला संडासापुरताही आडोसा नाही. पोरी मोठ्या झाल्या की घरी बसतात. एवढंच बोलायचं होतं मला. ह्यांना म्हटलं, तुम्ही मांडा. म्हणाले, “पंच तू आहेस, मी नाही.” खरं आहे. म्हणून जास्तच राग आला.

२ ऑक्टोबर

पडवी. लिहावंसं वाटत नाही.

२२ ऑक्टोबर

मिस बाई निवडून आल्या! त्यांचं पत्र आलं. खूप मोठ्या सभागृहात बसणार आता, मंत्र्यांना उभं राहून जाब विचारणार. मी हसत काय होते, रडत काय होते! सासूबाईंना वाटलं, कुणी गेलंच. पत्राच्या शेवटी विचारलंय — शामला, तुझ्या पंचायतीत तू काय बोललीस? काय कळवू? त्या सभागृहाच्या एका कोपऱ्यात, त्यांच्या पायाशी बसायला मिळालं असतं तर! नुसतं ऐकलं असतं.

३० नोव्हेंबर

दिवाळीची मीटिंग झालीच नाही. आजची होती, आणि मी पडवीत. शिवम्मा, आमची दुसरी बाई पंच, बोलवायला मागच्या दारी आली. दर अमावास्येला दुखणं कसलं, म्हणून खोदून विचारू लागली. शेवटी खरं सांगितलं. तिनं पदराआडचं गळ्यातलं लिंग काढून दाखवलं.

“आमच्यात गळ्यात लिंग असलेल्या बाईला विटाळ नसतोय, मास्तरीणबाई. म्या बी आज तशीच चाललेय. मठात कोण इचारत न्हाय. तुमाला अडवलं कुणी?”

आठवून पाहिलं. सरपंचांनी नाही. ह्यांनी नाही. सासूबाईंनीही मठाचं नाव कधी काढलं नव्हतं. उठले आणि तशीच तिच्याबरोबर गेले.